वीस रुपयांचं युनिट आणि अण्णांची भट्टी

मार्च २०२२ च्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं किती तरी दिवस डोक्यात आहे. त्या दिवशी आमच्याकडे काही बिघडलं नव्हतं. बिड, म्हणजे खरेदीच्या बोल्या, वेळेत गेल्या, पैसे वेळेत भरले, ग्राहकाचा एक पैसाही वाया गेला नाही. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्याचा, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या कारखानदाराचा, फोन आला आणि त्यांनी जे विचारलं ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मी वीज विकत घेते. मुंबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीत बिडिंग डेस्कवर माझी नोकरी आहे. २००३ च्या वीज कायद्याने निर्मितीवरची परवान्याची अट काढली, वीजव्यापाराला स्वतंत्र धंदा म्हणून मान्यता दिली आणि मोठ्या ग्राहकाला आपली वीज बाहेरून आणायची वाट मोकळी केली. त्या वाटेवर जी दुकानं उभी राहिली त्यातलं एक आमचं. पुढे २००८ च्या जूनमध्ये वीज एक्सचेंज सुरू झालं आणि खरेदी-विक्री पडद्यावर आली. आमचे गिऱ्हाईक दोन जातींचे. एक, राज्याराज्यांच्या वितरण कंपन्या, म्हणजे डिस्कॉम. दुसरे, एक मेगावॅटच्या वर मागणी असलेले कारखाने. माझ्याकडे कारखाने आहेत. माझ्या शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे एका राज्याची डिस्कॉम आहे. कोणतं राज्य ते सांगत नाही, पण महाराष्ट्र नव्हे.

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही शेअर बाजारासारखे दिवसभर भाव बघत ओरडत असतो. तसं काही नाही. उद्याच्या विजेसाठी आज सकाळी दहा ते बारा एवढीच खिडकी असते. उद्याचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये कापलेला असतो आणि प्रत्येक ब्लॉकसाठी सांगायचं असतं की अमुक भावापर्यंत मला इतके मेगावॅट हवेत. दुसऱ्याची बिड दिसत नाही. बाराला खिडकी बंद होते, देशभरची मागणी आणि पुरवठा एकावर एक ठेवले जातात, रेषा छेदतात तो भाव. तो सगळ्यांना एकच. शून्य रुपयाला वीज देऊ करणाऱ्या पवनचक्कीवाल्यालाही तोच आणि सगळ्यात महाग कोळसा जाळणाऱ्यालाही तोच. हे ऐकलं की लोक चिडतात, पण मला यात गैर वाटत नाही. प्रत्येकाला त्याने मागितलेला भाव द्यायचा ठरवलं तर उद्यापासून कुणीच शून्य मागणार नाही.

आमच्या कामाचा कस लागतो तो ७३ ते ९२ या ब्लॉकमध्ये. ७३ वा ब्लॉक संध्याकाळी सहाला सुरू होतो, ९२ वा रात्री अकराला संपतो. सूर्य मावळताना सौरवीज तासाभरात जाते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात. डेस्कवरच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी या वीस ब्लॉकचे कालचे भाव सांगेल.

कारखान्यांच्या बिडला मात्र फार नाट्य नसतं. डिस्कॉमचा दर काय, त्यातून वहन आकार, क्रॉस-सबसिडी सरचार्ज (शेतकऱ्यांसारख्यांना स्वस्त वीज मिळावी म्हणून बाहेरून वीज घेणाऱ्याने भरायची रक्कम), अतिरिक्त अधिभार, पारेषणातली गळती हे सगळं वजा केलं की एक आकडा उरतो. एक्सचेंजचा भाव त्याच्या खाली असेल तर बाहेरून घ्यायची, वर गेला तर डिस्कॉमची वापरायची. हा आकडा काढणं हीच आमची विद्या. प्रत्येक अधिभाराचा दर वीज आयोगाच्या आदेशागणिक बदलतो, गळतीचे टक्के बदलतात, आणि चार आण्यांची चूक तीन मेगावॅटवर महिन्याला लाखांत जाते. मी प्रत्येक ग्राहकाची हिशेबाची शीट स्वतः बनवते. दुसऱ्याने बनवलेल्या शीटवर मी बिड टाकत नाही, आणि नव्या मुलांनी ती सवय लावून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ते तयार शीट कॉपी करतात आणि मग आदेश बदलल्याचं त्यांना महिन्याच्या बिलावरून कळतं.

आता त्या दिवसाकडे येते.

त्या मार्चमध्ये काय चाललं होतं ते आठवत असेल. फेब्रुवारीच्या शेवटी युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि परदेशी कोळसा आवाक्याबाहेर गेला. परदेशी कोळशावर उभारलेली किनाऱ्यावरची केंद्रं निम्मी-अर्धी बंद, कारण जुन्या करारातल्या दराने वीज विकणं त्यांना परवडेना. देशी कोळशाचे साठे खाली. आणि उन्हाळा असा की हवामान खात्याच्या नोंदींत १९०१ पासून एवढा तापलेला मार्च देशाने पाहिला नव्हता. ज्या बाजारात २०२०-२१ या वर्षाचा सरासरी भाव तीन रुपयांच्या आत होता, तिथे संध्याकाळचे ब्लॉक एकामागून एक वीस रुपयांना जायला लागले. वीस हा काही हिशेबाने आलेला भाव नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या वरचा आकडा टाकताच येत नव्हता.

सकाळी अकराच्या सुमाराला शेजारी माझा सहकारी फोनवर होता. डिस्कॉमच्या पॉवर परचेस सेलमधले, म्हणजे वीजखरेदीचे, अधिकारी आणि त्यांच्या वित्त विभागाचे लोक, दोघे एकाच कॉलवर. एक्सचेंजवर उधारी नसते. निर्मिती कंपन्यांची बिलं महिनोन्‌महिने थकवता येतात, इथे पैसे आधी ठेवावे लागतात. वीस रुपयांनी पाच तासांसाठी शेकडो मेगावॅट म्हणजे एका संध्याकाळचे कोट्यवधी रुपये. वित्तवाले म्हणत होते पैशांची मर्यादा संपली. परचेसवाले म्हणत होते की संध्याकाळी फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) बंद करायला लागले तर मंत्रालयातून फोन आम्हाला येतील, तुम्हाला नाही. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. अखेर मर्यादा वाढवून मिळाली आणि त्याने ७३ ते ९२ सगळीकडे एकच भाव भरला, वीस. म्हणजे काही झालं तरी हवी.

मला त्या अधिकाऱ्यांचं वाईट वाटतं, आणि हे मनापासून लिहिते आहे. वर्तमानपत्रात त्यांना नियोजनशून्य म्हणून झोडपलं जातं. त्यांच्या हातात पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार असतात, त्यातलं केंद्र ऐनवेळी बंद पडलं की भोक बुजवायला एक्सचेंजशिवाय जागा नसते. देशातल्या एकूण विजेपैकी तेव्हा जेमतेम सात-आठ टक्के या बाजारातून जायची. टंचाईत सगळे त्या सात-आठ टक्क्यांवर एकाच वेळी तुटून पडतात, म्हणून भाव असा पिसाळतो.

बाराला खिडकी बंद झाली. निकाल आला तेव्हा संध्याकाळचे ब्लॉक वीसला. त्यातही मागितलेली वीज पुरती मिळाली नव्हती. सगळ्यांनीच वीस भरलं असेल आणि वीज कमी असेल, तर असलेली वीज मागणीच्या प्रमाणात वाटली जाते. आम्ही त्याला प्रो-राटा म्हणतो. याचा एक वाईट परिणाम होतो. तीनशे हवेत आणि तिसरा हिस्सा मिळणार हे ठाऊक असेल, तर माणूस नऊशे मागू लागतो. पैसे आधी ठेवायचे असल्यामुळे त्याला लगाम बसतो, पण ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा लगाम सैल. माझ्या सहकाऱ्याने आकडा फुगवायला नकार दिला. ग्राहकाने दोनदा सुचवूनही त्याने खरी गरज तेवढीच भरली. त्याबद्दल कुणी त्याचं कौतुक केलं नाही, उलट कमी वीज मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागलं.

माझ्या कारखान्यांपैकी जवळजवळ कुणाचीच वीज त्या ब्लॉकमध्ये क्लिअर झाली नाही, म्हणजे कुणाची खरेदी लागली नाही. व्हायला नकोच होती. त्यांच्या भावाच्या मर्यादा चार-साडेचारच्या आसपास लावलेल्या होत्या. मी सगळ्यांना नेहमीचा संदेश पाठवला की उद्या संध्याकाळचं शेड्यूल शून्य आहे, डिस्कॉमची वीज वापरा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ती वीज प्रत्यक्ष वाहण्याच्या दिवशी, संध्याकाळी सातला अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे शिरोलीचे फाउंड्रीमालक. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग ओततात. दोन इंडक्शन, म्हणजे विजेवरच्या, भट्ट्या, दोन्ही मिळून तीन मेगावॅट ओढतात. वय साठीच्या पुढे, वडिलांच्या वेळेपासून ओतकामात, आणि माझी शीट आमच्या कंपनीतल्या काही मॅनेजरांपेक्षा त्यांना चांगली कळते.

"ताई, पोरानं मोबाईलवर दाखवलं, वीस रुपये लागलाय म्हणं. माझ्या नावावर घेतली न्हाईसा न्हवं?"

मी म्हटलं, "नाही अण्णा. तुमची मर्यादा चारची होती. काही लागलं नाही तुम्हाला."

"मग आत्ता भट्टी कशावर चाललीया?"

"डिस्कॉमवर."

"कितीनं?"

"नेहमीच्या दरानं. सात-साडेसात. वर सहा ते दहाचा एक रुपया दहा पैसे. दहानंतर उलट दीड रुपया सवलत."

ते थोडं थांबले. "आणि त्यांनी कुठनं आणली?"

हा प्रश्न आमच्या खोलीत कुणी मोठ्याने विचारत नाही. अण्णांचे तीन मेगावॅट एक्सचेंजमधून गायब झाले होते, जगातून नव्हे. ते त्यांच्या डिस्कॉमच्या मागणीत जाऊन मिळाले होते. तिथेही कुणीतरी आमच्यासारखाच पडद्यासमोर बसला होता, आणि हे असे परत आलेले कारखाने जमेस धरून त्याने वीस रुपयांची बिड भरली होती. माझ्या शेजारी बसलेल्याच्या राज्याशी त्याची त्याच वीस ब्लॉकमध्ये झटापट चालली होती. अण्णांनी भाव बघून खरेदी सोडली, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. मागणी मात्र एका किलोवॅटनेही कमी झाली नव्हती. मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं.

"मग वरचे पैसे कोण भरणार?"

"सगळे. इंधन समायोजन आकारातून, काही महिन्यांनी."

तसंच झालं. महाराष्ट्रात त्या मार्च ते मेचा वाढीव खरेदीखर्च जुलैपासूनच्या बिलांत दिसला. उन्हाळ्यात ज्या संध्याकाळी एसी बंद करायला हवा होता त्याचा भाव लोकांना पावसाळ्यात कळला, तोही एका ओळीच्या आकाराच्या रूपात, ज्याचा अर्थ बिल भरणाऱ्या शंभरातल्या पाचांनाही ठाऊक नसतो.

अण्णा मग जे बोलले ते मी त्याच रात्री डायरीत उतरवून ठेवलं. म्हणाले, "ताई, मला आधी इचारलं असतं तर मी आज भट्टी लावलीच नसती. माल परवा जायाचा हाय. सकाळी नऊला लावली असती."

भट्टी लावणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे इथे सांगायला हवं. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. हीट, म्हणजे वितळवण्याची एक खेप, एकदा सुरू केली की मध्येच थांबवता येत नाही. धातू आत थिजला तर अस्तर फुटतं, ते ठोकून काढून नवं रॅमिंग (अस्तर ठोकून बसवणं), मग हळूहळू तापवून सिंटरिंग (ते घट्ट करणं), त्यात दिवस जातात. पण हीट सुरू करायच्या आधी ती बारा तास पुढे ढकलणं हा पाळीच्या मुकादमाला एक फोन करण्याइतका सोपा विषय आहे, साचे तयार असले म्हणजे झालं. म्हणजे तीन मेगावॅटची ही मागणी आदल्या दिवशी विचारलं तर लवचीक आहे आणि ऐनवेळी विचारलं तर दगड. एक्सचेंजचा निकाल आदल्या दुपारीच येतो. विचारायला वेळ होता.

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. तीन मेगावॅट, पाच तास, पंधरा हजार युनिट. एक्सचेंजवर वीसने तीन लाख रुपये. अण्णा त्याचे भरणार एक लाखाच्या आसपास. उरलेले दोन लाख डिस्कॉमच्या, म्हणजे शेवटी सगळ्या ग्राहकांच्या खात्यावर. अण्णांना म्हटलं, समजा डिस्कॉमने सांगितलं की आज रात्री भट्टी लावू नका, आम्ही तुम्हाला साठ हजार देतो, तर?

"साठ कशाला, तीस हजारात बंद ठीवतो. पाळीची मजुरी निघाली की बास."

तीस हजारात तीन लाखांची खरेदी वाचत होती. हा सौदा करायला त्या संध्याकाळी देशात जागाच नव्हती. वीज पुरवणाऱ्याने बाजारात यावं यासाठी आपण कायदा केला, आयोग नेमले, एक्सचेंज उभं केलं, २०२० मध्ये दर अर्ध्या तासाला लिलाव होणारा रिअल टाइम बाजारसुद्धा आणला. वीज न वापरण्याची तयारी असणाऱ्याला त्यात कुठे बसवायचं हे राहून गेलं. उलट डिस्कॉमचा वीजदर रात्री दहाच्या ठोक्याला अण्णांना दीड रुपया सवलत देऊन सांगत होता की आता लावा भट्टी. ही सवलत ज्या काळात ठरली तेव्हा रात्री औष्णिक केंद्रांची वीज उरायची, ती खपवायची होती. आता वीज उरते ती दुपारी बाराला. त्या रात्री दहाचे ब्लॉकही वीसलाच होते. दिवसाच्या सौर तासांना सवलत द्यायचं धोरण आपल्याकडे यायला पुढे तीन वर्षं गेली, आणि तोवर राज्यभरातल्या भट्ट्या चुकीच्या वेळी पेटत राहिल्या. या दिरंगाईचा मला खरोखर राग येतो. आकडे सगळ्यांच्या समोर होते.

१ एप्रिलला केंद्रीय वीज नियामक आयोगाने आदेश काढून एक्सचेंजवरची कमाल मर्यादा वीसवरून बारा केली. टीव्हीवर बातमी आली की वीज स्वस्त झाली. डेस्कवर जे दिसलं ते वेगळं होतं. भाव आता बाराला जाऊन टेकत होता, संध्याकाळीच नव्हे तर रात्र-रात्र. ज्यांच्या कोळशाचा किंवा वायूचा खर्चच बाराच्या वर होता त्यांनी विक्रीच्या बिड काढून घेतल्या. खरेदीदार तेवढेच, वीज त्याहून कमी, प्रो-राटा आणखी कठोर. एप्रिलची सरासरी दहा रुपयांच्या आसपास गेली, मार्चपेक्षा वर. तरी मी त्या आदेशाच्या विरोधात नाही. शून्य रुपयाला बिड टाकणाऱ्याला वीस मिळत राहणं आणि त्याचे पैसे लोकांनी भरणं किती दिवस चालू द्यायचं, याला कुठेतरी हद्द हवी होती. पण मर्यादा लावल्याने एकही मेगावॅट वाढला नाही. उरलेली तूट एप्रिलमध्ये भारनियमनाने भरून काढली गेली.

आणि भारनियमन कुठे होतं? आपल्याकडे फीडरचे गट पाडलेले आहेत, गळती आणि वसुलीवरून, ए पासून जी थ्रीपर्यंत. वीज कमी पडली की आधी जी गट बंद होतो. तिथे नियमित बिल भरणारं घर असेल, बारावीचा अभ्यास असेल, दवाखाना असेल, गट फीडरचा असतो, माणसाचा नसतो. अण्णांचा फीडर औद्योगिक आणि वसुली शंभर टक्के, त्यामुळे तो बंद व्हायचा प्रश्नच नव्हता. जो माणूस तीस हजारात राजीखुशीने थांबायला तयार होता त्याची वीज चालू, आणि ज्याला कुणी विचारलंही नाही त्याच्या घरात अंधार.

हे मी आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्या ग्राहकाचा फायदा झाला ना, मग झालं. व्यवसाय म्हणून ते बरोबर आहेत, माझी शीटही तेच सांगते. सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो एकदम उसळला. त्याचं म्हणणं की असे कारखाने म्हणजे आमच्या डोक्यावरचा खरा भार. वर्षभर स्वस्ताई असताना बाहेरून घेतात, आणि नेमकं आग लागली की छत्रीखाली परत येतात. परत यायचं असेल तर त्या ब्लॉकचा एक्सचेंजचा भाव द्यावा. तो डिस्कॉमसाठी रोज बिड टाकतो, त्याचं बोलणं मला उडवून लावता येत नाही.

मी ते अण्णांच्या कानावर घातलं. एप्रिलमध्ये कोल्हापूरला गेले होते, त्यांच्या ऑफिसात चहा चालला होता, खाली दुसरी हीट ओतायला घेतली होती. त्यांनी बिलांची फाईल काढली आणि क्रॉस-सबसिडी सरचार्जच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ बघा. बाहेरची वीज घेतो म्हणून ह्यो दंड मी दर महिन्याला भरतोय. शेतकऱ्याला स्वस्तात मिळावी म्हणून भरतोय, त्याला माझं काय म्हणणं न्हाई. वर काँट्रॅक्ट डिमांडचं पैसं, वीज घेतली न घेतली तरी. ते कशाचं? गरज लागली तर तुमची वीज मिळंल, त्याचंच न्हवं? मग आता माघारी आलो तर वीस रुपयं द्या म्हणता. तसं असंल तर दुपारी दोन रुपयानं असती तवा मला दोननं द्या, आन् ही ओळ काढा. दोन्ही बाजूनं मीच का?"

परतीच्या गाडीत मी सहकाऱ्याला हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "काँट्रॅक्ट डिमांडच्या पैशात तारा आणि रोहित्रं येतात, वीस रुपयांची वीज नाही येत." ते मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही, कारण त्यावर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि तेही चूक नसेल.